जावयाचं अक्षर

"पेंटर कायले पाह्यजे? मी आहो ना," एवढंच मी फोनवर बोललो.

बोलून झाल्यावर फोन हर्षाच्या हातात दिला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते मला चष्म्याशिवाय वाचता येतं. 'तुमाले कोनी विचारलं होतं का?' असं लिहिलं होतं. खरंच कोणी विचारलं नव्हतं. फोन तिच्या भावाचा होता, तिच्यासाठी होता, आणि ती पोळी लाटत होती म्हणून मी नुसता कानाला लावून धरला होता.

माझं नाव खुशाल. (नाव आईबापांनी ठेवलं, जबाबदारी त्यांची.) साकोलीला एका सरकारी कचेरीत बाबू आहे आणि गेली बरीच वर्षं थकलेला आहे. सकाळी उठतानाच थकलेला असतो, दुपारी त्यात भर पडते, संध्याकाळी घरी आल्यावर हर्षा विचारते, "आज कायनं थकले?" आणि या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी आणखी थकतो. डॉक्टरांनी बीपी मोजलं, मान हलवली आणि म्हणाले, "बाबूजी, काहीतरी छंद लावा."

छंद म्हणजे काय करावं? सकाळी फिरायला जावं तर सकाळी उठावं लागतं. बागकाम करावं तर नागझिऱ्याच्या बाजूची वानरं येऊन आपल्याआधी भाजी तोडून नेतात. बसल्या बसल्या करता येईल असा छंद शोधत असताना मोबाईलवर सुलेखनाच्या क्लासची जाहिरात दिसली. 'आपलं अक्षर, आपली ओळख.' मला बरं वाटलं. एके काळी आमच्या कचेरीतलं प्रत्येक निरोपाचं मानपत्र माझ्या हातचं असायचं. मग कॉम्प्युटर आला आणि माझं अक्षर माझ्याआधीच रिटायर झालं.

क्लासचे सर मोबाईलमधून फार गोड बोलत. पहिले काही आठवडे नुसत्या उभ्या रेघा. मग आडव्या. मग तिरप्या. कट निब पंचेचाळीस अंशात धरायची, रेघ ओढताना श्वास रोखायचा, रेघ संपली की सोडायचा. मी श्वास रोखायचो तो कधी कधी सोडायचा विसरायचो आणि हर्षा स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवो, जित्ते आहा का?" रेघा जमल्या, मग वेलांट्या आल्या, मग चपटा ब्रश आला. बेडशीटवर काळ्या शाईची बाटली आली. घरातल्या सगळ्या डब्यांवर मी झोकदार अक्षरात नावं टाकली. त्यानंतर हर्षाने एकदा जवस म्हणून तिखट काढलं आणि चटणीचा पहिला घास मीच खाल्ला. तेव्हापासून ती डबे वास घेऊन उघडते.

तर हा माझा अनुभव, आणि या अनुभवाच्या जोरावर मी फोनवर ते वाक्य बोललो.

फोन होता अड्याळहून, हर्षाच्या मोठ्या भावाचा, प्रफुल्लचा. त्याच्या मुलीचं, चंदाचं लग्न ठरलं होतं. मुलगा योगेंद्र, लाखांदूरकडचा, नोकरीवाला. आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर नवरा-नवरीची नावं लिहितात. वर गणपती, खाली 'शुभविवाह', मग 'चि.सौ.कां.' अमुक आणि 'चि.' तमुक, बाजूला दोन केळीची झाडं. लग्न होतं, पोरगी सासरी जाते, तिची पोरं शाळेत जायला लागतात, तरी ती नावं भिंतीवर असतातच. ती कोणी पुसत नाही. पावसाने गेली तर गेली. अड्याळच्या पेंटरने मे महिन्यात इतकी कामं अंगावर घेतली होती की तो फोनच उचलत नव्हता, एवढीच प्रफुल्लची तक्रार होती. पुढचं मी बोललो.

बसमध्ये हर्षाने मला नीट बजावलं.

"आयका. या लग्नात माहं एकच काम हाये. श्यामराव काकाजी अन् दादाची गोडी करून द्याची. काकाजी लग्नात नसले तर मले जेवन जानार नाही. मी दादाशी बोलीन, काकूशी बोलीन, सगळं करीन. तुमी फक्त नावं लिहा अन् खाटेवर बसा. दुसरं काही करू नोका."

"मी काय करतो?"

"तेच तर. काही करू नोका."

श्यामराव काकाजी म्हणजे माझ्या दिवंगत सासऱ्यांचे धाकटे भाऊ. त्यांना मूलबाळ नाही. लहानपणी हर्षाला खांद्यावर बसवून मंडईची जत्रा दाखवायला तेच न्यायचे. त्यांचं आणि प्रफुल्लचं नऊ वर्षांपासून बोलणं नव्हतं. कारण एक म्हैस. काकाजींची म्हैस प्रफुल्लच्या शेतातल्या बांदीत शिरली आणि रोवणीसाठी वाढवलेले धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, खाऊन गेली. प्रफुल्लने रागाच्या भरात म्हैस नेऊन कोंडवाड्यात घातली. काकाजी तिला दंड भरून सोडवून घेऊन आले आणि सगळ्या गावासमोर म्हणाले, "घरच्या जनावराले जेलात टाकनारा माहा पुतन्या नोहे." पुढे म्हैस म्हातारी होऊन मेली. पऱ्ह्यांच्या जागी दरवर्षी नवे पऱ्हे आले. अबोला तेवढा टिकला, आणि दोघं राहतात एकाच लांबलचक कवेलूच्या, म्हणजे कौलारू, घरात, मधोमध भिंत घालून.

आता हे घर मी तेवीस वर्षं पाहतोय असं तुम्हाला वाटेल. जावई घर पाहत नसतो. जावई येतो, पाय धुतो, खाटेवर बसतो, ताट येतं, जेवतो, झोपतो, चहा पितो आणि बसस्टँडवर जातो. या सगळ्यात त्याला घराचा जो भाग दिसतो तो म्हणजे बहुतेक छत. बाहेरून ते घर सलग आहे, डावीकडे सासऱ्यांचं दार, पार उजवीकडे काकाजींचं. त्या दोन दारांच्या मधली खोली हिस्सेवाटणीत कोणाकडे गेली, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. विचारायला वाकून बोलावं लागतं आणि माझी कंबर दुखते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सगळे बस्ता घ्यायला पवनीला निघाले. जीप भरली. हर्षा मुद्दाम प्रफुल्लच्या शेजारी बसली, कारण रस्ताभर त्याला समजावायचं होतं. प्रफुल्ल जाता जाता म्हणाला, "जवाईबापू, भिंत तुमच्या हवाली. तुमचं तुमी पाहा." घरी राहिल्या फक्त माझ्या सासूबाई, देवकाबाई. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं.

मी रंगांचे डबे, ब्रश, दोरी असं सगळं मांडलं आणि भिंतीसमोर उभा राहिलो. सासऱ्यांच्या दाराच्या डावीकडची भिंत उंचसखल होती, जागोजागी पोपडे, एका ठिकाणी खिळा आणि खिळ्याला प्रफुल्लचं जुनं जाळं. दाराच्या उजवीकडे मात्र काय भिंत होती! पुट्टी मारलेली, पांढरी, गुळगुळीत, टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ. सर म्हणायचे, कलाकाराने आधी पृष्ठभाग निवडावा. मी निवडला.

गेरूत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणली, मधोमध चिमटीत धरून सोडली, सरळ रेघ उमटली. या रेघेखाली अक्षरं लटकवायची. ब्रश निळ्या रंगात बुडवला, श्वास रोखला आणि 'शु' काढला. त्या 'शु'ची शेपटी मी अशी काही वळवली की मलाच गहिवरून आलं.

एवढ्यात मागून आवाज आला. "इथंच लिहाचं ठरलं का, जवाईबापू?"

श्यामराव काकाजी होते. खांद्यावर दुपट्टा, हातात कडुलिंबाची काडी. मी स्टुलावरूनच नमस्कार केला.

"इथंच, काकाजी. याच्यापेक्षा चांगली भिंत कुठं आहे?"

"प्रफुल्ल गेला वाट्टे बस्त्याले?"

"हो. मलेच सांगून गेला. तुमच्या हवाली म्हणाला."

काकाजी भिंतीकडे पाहत राहिले. मग त्यांनी काडी फेकली, घरात गेले आणि एक उंच, मजबूत, चार पायांवर उभं राहणारं स्टूल घेऊन आले. (माझं तीन पायांवर होतं.) "यावर चढा. मी धरतो," म्हणाले.

त्यांनी दुपारपर्यंत ते स्टूल धरलं. ऊन वाढलं तसा त्यांनी दुपट्टा माझ्या डोक्याला बांधला. काकाजींच्या पत्नी बेबीबाई काकू चहा घेऊन आल्या, नंतर ताक घेऊन आल्या, नंतर हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि गणपतीच्या खाली भिंतीला पाच बोटं लावून गेल्या. डोळे पुसत गेल्या. मला वाटलं रंगाचा वास चढला असेल. एकीकडे माझ्या मनात वेगळीच गणितं चालली होती. हर्षा रस्ताभर प्रफुल्लला समजावणार, हातापाया पडणार, आणि इकडे मी एक शब्द न बोलता काकाजींना कामाला लावलं. कलेमध्ये काय ताकद असते! संध्याकाळी हर्षाला हे कसं सांगायचं, कोणत्या वाक्याने सुरुवात करायची, तेही मी 'वि'ची वेलांटी काढता काढता ठरवून ठेवलं.

समोरच्या ओट्यावर हळूहळू माणसं जमली. शेजारचे म्हातारे दादाजी होते, किराणा दुकानवाले भय्याजी गिऱ्हाईक सोडून आले होते, आणखी पाचसात जण. सगळे टक लावून पाहत होते आणि आपसात कुजबुजत होते. मी मोठ्या कचेरीतला, सुलेखन शिकलेला जावई, त्यामुळे साहजिकच होतं. एकदा दादाजी ओट्यावरून म्हणाले, "जवाईबापू, जरा तिकडच्या अंगाले..." तोच भय्याजींनी त्यांचा सदरा ओढला. "राहू द्या ना दादाजी. जवाई हाये." मला वाटलं, केळीच्या झाडाबद्दल सूचना असेल. कलाकाराने सूचना घ्यायच्या नसतात.

देवकाबाईंनी आतून दोनदा विचारलं, "झालं का जी?" मी दोनदा म्हणालो, "होत आलं." त्या पदर सावरून दारात येऊन बसल्या, ऑपरेशन झालेला डोळा भिंतीकडे केला आणि म्हणाल्या, "छान दिसते, निळं निळं."

दुपार कलली तेव्हा नावं पूर्ण झाली. चि.सौ.कां. चंदा आणि चि. योगेंद्र. 'योगेंद्र'च्या मात्रा मी आकाशात अशा उडवल्या होत्या की त्या कवेलूला टेकल्या. हात खांद्यापासून सुटल्यासारखा झाला होता, मानेचा दगड झाला होता, तरी कित्येक वर्षांत पहिल्यांदा मी एका कारणाने थकलो होतो आणि ते कारण मला सांगता येत होतं.

जीप आली. गाठोडी घेऊन सगळे उतरले. हर्षाचा चेहरा खुललेला होता, म्हणजे भावाला समजावण्याचं काम झालं होतं. प्रफुल्ल शेवटी उतरला, भिंतीकडे पाहिलं आणि जागीच थांबला. जीपच्या ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

"कसं वाटते?" मी विचारलं.

प्रफुल्लने हातातलं गाठोडं खाली ठेवलं. "लय मस्त, जवाईबापू," तो म्हणाला. मग तो वळला.

जावयाला बोलता येत नाही, म्हणून तो उरलेल्या सगळ्यांना बोलला. आईला म्हणाला, "माय, तुहा एक डोळा तर चालते नं, तुले दिसलं नाही का?" दादाजींना म्हणाला, "तुमी इथं बसून काय करून राहिले होते दिवसभर? बोलाले काय झालं होतं?" पेंटरला शिव्या दिल्या, जो तिथे नव्हता. ड्रायव्हरला म्हणाला की जीप हळू चालवली म्हणून हे झालं. ड्रायव्हर म्हणाला, "मी काय केलं भाऊ?" तेव्हा कुठे मला कळायला लागलं की काहीतरी झालं आहे, आणि ते भिंतीशी संबंधित आहे.

"जवायाले कसं टोकाचं?" भय्याजी म्हणाले. "अन् श्यामरावनं सोता स्टूल धरलं होतं. आमाले वाटलं, तुमच्यात गोडी झाली."

हर्षाने मला दंडाला धरून बाजूला नेलं आणि हळू आवाजात सांगितलं की दोन दारांमधली ती खोली, ती पुट्टी आणि ती भिंत काकाजींची आहे. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, माझी मात्र जागच्या जागी होती आणि मी तिच्यावर उभा होतो, याचंच वाईट वाटलं.

"मी रस्ताभर दादाले समजावत आणलं," ती म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, दमलेला होता, आणि तो मला जास्त लागला. "आज संध्याकाळी काकाजीले पत्रिका द्याले जाऊ म्हनून तयार झाला होता तो. गाडीत हो म्हनला होता."

तिकडे प्रफुल्लचा आवाज चढला होता. "दुसऱ्याच्या जवायाले भुलवून लग्न आपल्या भितीवर लिहून घेतलं. म्हशीचा बदला काढला म्हाताऱ्यानं."

काकाजी तेव्हाच दार उघडून बाहेर येत होते. धुतलेला सदरा घातला होता, डोक्याला टोपी होती. मागे काकूंच्या हातात पेढ्याचं पुडकं होतं. ते सगळं त्यांनी ऐकलं. त्यांनी प्रफुल्लकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तुमाले प्रफुल्लनं नव्हतं धाडलं, जवाईबापू?"

"भिंत चांगली होती, काकाजी," मी म्हणालो. खरं तेच होतं.

"आमाले वाटलं, पोराचा राग गेला," काकू म्हणाल्या. "म्हनून जवायाले पाठवलं. आमच्या भितीवर कोनाचं लगन लिहीन असं कुठं होतं आमच्या नशिबात. माह्या मनाले बरं वाटलं म्हनून मी हळद लावली."

काकाजींनी टोपी काढली. "पुसाचं असंल तर पुसा," ते म्हणाले. "माह्या हातानं नाही होनार." आणि आत गेले. काकूही गेल्या. पेढ्याचं पुडकं दाराबाहेरच राहिलं.

मी आयुष्यात बऱ्याच चुका केल्या आहेत, पण त्या बहुतेक माझ्याच अंगावर आल्या. ही पहिली चूक एका म्हाताऱ्या माणसाला दिवसभर सुखी करून संध्याकाळी रडवणारी होती. मला खरंच वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी काहीतरी करतो. (इथे 'काही करू नोका' आठवायला हवं होतं.) मी चिंधी ओली केली आणि भिंतीकडे गेलो. आपण लिहिलं, आपणच पुसावं, निदान काकाजींच्या भिंतीवर आपलं ओझं नको.

रंग निघाला नाही. डब्यावर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं होतं. दुकानात मीच मागून घेतला होता. मग भय्याजींच्या दुकानातून रॉकेलसारखं काहीतरी आणलं. त्याने निघाला, पण नको तिथून. 'चंदा'वरचा अनुस्वार सुटला आणि निळी धार होऊन थेट 'दा'च्या कान्यात जाऊन बसला.

"जवाईबापू, थांबा." देवकाबाई खाटेवरून उठून भिंतीला टेकून बसल्या, दोन्ही हात पसरून, 'शुभविवाह'च्या खाली. "हळद लागली हाये. हळद लागलेलं नाव पुसत नसतेत. माह्या नातीचं लगन हाये. पुसाचं तर आंधी मले पुसा."

"माय, उठ," प्रफुल्ल म्हणाला.

"नाही उठत."

"मंग काय करू? मांडव इकडं अन् नावं तिकडं? पाव्हने कुठं जातीन?"

"ते तू तुह्या काकाले इचार."

एवढं बोलून म्हाताऱ्या बाईने डोळे मिटले, दोन्ही. प्रफुल्ल जरा वेळ तिथेच उभा राहिला. मग अंगणातल्या बोअरच्या नळावर तोंड धुतलं. मग पुन्हा येऊन उभा राहिला. हर्षाने मला हाताला धरून आत नेलं, खाटेवर बसवलं आणि हातात ब्रश, चिंधी, डबा काही नाही ना, ते तपासलं.

पण खाटेवरून दार दिसतं, आणि दारातून अंगण. दिवेलागणीच्या वेळी मी पाहिलं, प्रफुल्ल भिंतीसमोर उभा होता, हात पाठीमागे बांधून. थोड्या वेळाने उजवीकडचं दार वाजलं. काकाजी आले आणि त्याच्यापासून दोन हातांवर उभे राहिले. दोघंही माझ्या अक्षरांकडे पाहत होते. बराच वेळ पाहत होते. मग काकाजी काहीतरी बोलले. नऊ वर्षांनी. प्रफुल्लने मान न वळवता उत्तर दिलं. काकाजींचे खांदे हलायला लागले. मग प्रफुल्लचेही. मला वाटलं दोघं रडताहेत. म्हटलं, खुशाल, तू आयुष्यभर फायलींवर 'सादर' आणि 'मान्य' लिहिलंस, कोणाला त्याचं काही वाटलं नाही, आणि आज तुझ्या एका 'शु'ने दोन माणसं रडली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. प्रफुल्लने दाराबाहेरचं पेढ्याचं पुडकं उचललं आणि स्वतः आत नेऊन दिलं. मांडव दोन्ही दारांसमोर मिळून घालायचं ठरलं. काकूंनी सकाळी बाहेर येऊन 'चंदा'वर कुंकवाचं बोट टेकवलं, गेलेला अनुस्वार परत आला आणि आधीपेक्षा बरा दिसायला लागला. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं तेव्हा व्याह्यांची गळाभेट काकाजींनी घेतली, नव्या टोपीत, आणि प्रफुल्लने ती घेऊ दिली. चंदा निघाली तेव्हा काकूंच्या गळ्यात पडून इतकी रडली की तिच्या आईला आपली पाळी येईपर्यंत ताटकळावं लागलं. हर्षा पंगतीत दोनदा भात घेऊन जेवली. तिला तसं जेवताना मी फार दिवसांनी पाहिलं.

मी मांडवात एका खांबाजवळ उभा होतो. वऱ्हाडातली मुलं भिंतीसमोर उभी राहून मोबाईलवर फोटो काढत होती. मुलाकडच्या एका मामांनी विचारलं, "हे कोनं लिहिलं?" मी चपट्या ब्रशचा कोन, श्वास रोखण्याचं तंत्र, रेघेचं वजन वगैरे समजावून सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. (मीसुद्धा त्या घरचा जावई आहे हे त्यांना कोणीतरी आधीच सांगितलं असावं.)

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. अंग अंग दुखत होतं, पण आत कुठेतरी हलकं वाटत होतं. अड्याळ मागे पडलं, धानाच्या रिकाम्या बांद्या दिसायला लागल्या. मी विषय काढला.

"हर्षा, माणसाला आपली कला कधी कामाला येईल सांगता येत नाही."

"हं."

"त्या दिवशी संध्याकाळी दोघं भिंतीसमोर उभे होते. काकाजी आधी बोलले. काय म्हणाले असतील? तुले माहीत आहे का?"

ती खिडकीबाहेर पाहायला लागली. खिडकी माझ्या बाजूला होती, म्हणजे ती माझ्यातून आरपार पाहत होती. "जाऊ द्या ना."

"नाही, सांग. मले आयकाचं आहे."

"दादानं मले सांगतलं. पन तुमी मनाले लावून घेसान."

"नाही घेत. दोघं रडत होते, मी पाहिलं ना."

"रडत नोहते," हर्षा म्हणाली. "काकाजीनं इचारलं, 'काहून रे प्रफुल्ल, आपला जवाई पहिलेपासूनच असा हाये का?' दादा म्हनला, 'हो काकाजी, पहिलेपासूनच.' मंग दोघंई हासले."

बसने एक खड्डा घेतला. मी समोरच्या सीटची दांडी धरली.

"बस, एवढंच?"

"एवढंच कायले? मंग आत जाऊन दोघं जेवन थंडं होईपर्यंत बोलत बसले," ती म्हणाली. "नऊ वर्सांचं साचून होतं ना दोघांचं, तुमच्याबद्दल बोलाचं."